लिचेट मुरवण्याची कृती

कचराभूमी चालवायला घेतलीत? अभिनंदन. आसपासच्या विहिरींत प्लास्टिसायझर, म्हणजे प्लास्टिक मऊ करणारं रसायन, पोचवायला वेगळा खर्च येत नाही. ते काम लिचेट करतं, म्हणजे कचऱ्यातून झिरपून निघणारं घाण पाणी. माल ट्रकमधून आयता येतो: केबलची आवरणं, विनाइलची फरशी, फाटकं रेक्झिन, बागेतले पाइप. मऊ पीव्हीसीत वजनाच्या ३० ते ४० टक्क्यांपर्यंत डीईएचपीसारखं थॅलेट, म्हणजे हेच मऊ करणारं रसायन, असू शकतं. ते पॉलिमरला रासायनिक बंधानं जोडलेलं नसतं, साखळ्यांच्या मधे नुसतं शिरून बसलेलं असतं. जुनी विनाइल फरशी वाकवली की कडकन मोडते ना? तिचा मऊपणा कुठे गेला, असं मात्र कुणाला विचारू नका.

एखादा जाणकार येऊन सांगेल की डीईएचपी पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्याला चहा पाजा. शुद्ध पाण्यापुरतं त्याचं खरंच आहे. पण लिचेटमध्ये सडक्या कचऱ्याची ह्युमिक आम्लं आणि बारीक कण भरपूर असतात, थॅलेट त्यांना चिकटून निवांत पुढे जातं. डायइथाइल थॅलेटसारख्या आखूड साखळीवाल्यांना तर तेवढ्या आधाराचीही गरज नाही, ती लिटरभर पाण्यात ग्रॅमभर विरघळतात. शिवाय जिवाणूंनी डीईएचपीची एक बाजू तोडली की एमईएचपी उरतं. ते पाण्यात मूळ रसायनापेक्षा जास्त विरघळतं, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत वृषणाला जो अपाय दिसतो तो मुख्यतः त्याचाच. म्हणून अहवालात डीईएचपीचा रकाना ठेवलात तरी एमईएचपीचा ठेवू नका.

आता तळ. अमेरिकी नियमानं ६० सेंटिमीटर दाबलेली चिकणमाती, तिच्यावर दीड मिलिमीटर जाडीचं एचडीपीई जिओमेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारी प्लास्टिकची चादर, त्यावर खडी आणि लिचेट गोळा करायला भोकं पाडलेले पाइप. एवढं करावंच लागलं, तर पहिल्या थरात मऊ कचरा पसरण्याऐवजी सळया आणि काँक्रीटचे तुकडे टाका आणि वरून कॉम्पॅक्टर फिरवा. चादरीला भोकांची सोय झाली. पण पाण्याला दाब हवा, नाहीतर भोक असून उपयोग काय? तळावर लिचेट ३० सेंटिमीटरच्या वर साचू द्यायचं नसतं, कारण गळती त्या उंचीवर ठरते. पाइपांत चुन्याचा थर आणि जिवाणूंचा चिकटा साचतोच. तुम्ही फक्त जेटिंग, म्हणजे जोराचं पाणी मारून सफाई, करू नका. रोज संध्याकाळी टाकायचा १५ सेंटिमीटर मातीचा थरही वाचवा. पाऊस सरळ आत जाईल, उरलेलं काम तो करील.

प्रक्रिया केंद्र असेल तर उत्तम. हवा मारलेल्या टाकीत डीईएचपीचा मोठा हिस्सा गाळाला चिकटतो. बाहेरचं पाणी नितळ, पाहुण्यांना दाखवण्याजोगं. गाळ वाळवून खत म्हणून शेतावर पाठवा, म्हणजे पाण्यातून सुटलेलं मातीत मिळेल. आरओ बसवला असेल तर त्यातून निघणारं गढूळ, घट्ट पाणी परत ढिगाऱ्यावर ओता. कागदावर त्याला पुनरभिसरण म्हणतात.

खरी कला नमुना घेण्यात आहे. निरीक्षण विहीर भूजलाच्या चढाच्या बाजूला खणा, तिथे लिचेट येतच नाही. उताराच्या बाजूला खणणं भागच पडलं, तर तिची जाळी वरपासून खालपर्यंत ठेवा, म्हणजे दूषित थराचं पाणी चांगल्यात मिसळून पातळ होईल. मागवायचे ते बीओडी, सीओडी, म्हणजे पाण्यातल्या एकूण सेंद्रिय घाणीचे ढोबळ आकडे. लिचेटचा सीओडी लिटरला हजारो मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली डीईएचपीची मर्यादा लिटरला ८ मायक्रोग्रॅम. त्या गर्दीत हे पाहुणं ओळखणार कोण?

तरीही कुणी थॅलेटच तपासा म्हणून अडून बसला, तर घाबरू नका. पीव्हीसीची नळी विहिरीत सोडा, विनाइलचे हातमोजे घाला, पाणी प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरा आणि कॅन दुपारभर गाडीच्या टपावर ठेवा. जीसी-एमएस या तपासणीच्या यंत्रावर थॅलेटची खूण असलेला १४९ चा पीक भरघोस येईल. तेव्हा तुम्हीच आधी ओरडा: हे तर नळीचं! आणि ते खरंही असेल, निदान थोडंसं. फक्त फील्ड ब्लँक घेऊ नका. त्याच नळीतून, त्याच हातमोज्यांनी स्वच्छ पाणी भरून तपासलं, तर नळीचं किती आणि विहिरीचं किती हे लगेच वेगळं होतं, आणि मग तुमच्या ओरडण्याला अर्थ राहत नाही.

प्रयोगशाळा तरी बाटल्या पाठवेलच: तपकिरी काच, द्रावकानं धुतलेली, झाकणाला टेफ्लॉनचं अस्तर, नमुना ४ अंशांवर ठेवा आणि ७ दिवसांच्या आत निष्कर्षणाला द्या अशी चिठ्ठी सोबत. चिठ्ठी फाइलला लावा. बाटल्या ऑफिसात ठेवून घ्या, तुमच्या पिण्याच्या पाण्याला. त्यांतून थॅलेट उतरत नाही. पाणी मात्र लांबून आणवा.