ब्लाइंड म्हणजे बंद नव्हे

पोकर शिकताना अडचण नव्या शब्दांची नसते. नवा शब्द आला की माणूस सावध होतो, विचारतो, कागदावर लिहून घेतो. घात करतात ते ओळखीचे शब्द. ज्याचं बालपण बदाम सात आणि मेंढीकोटात गेलं आणि तारुण्य गणपतीच्या जागरणाला तीन पत्तीत, त्याला पोकरच्या टेबलावर दर दुसरा शब्द आपल्याच आळीतला वाटतो. ब्लाइंड, शो, पेअर, सिक्वेन्स. त्या भरवशावर तो बसतो आणि अर्ध्या तासात पाठ टेकतो. या लुटीचा मी बारकाईने अभ्यास केला आहे. शिकवणी फी भरूनच.

ब्लाइंडच घ्या. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पानं न बघता, बंद खेळणं. बंदवाल्याने एक टाकला की बघून खेळणाऱ्याला दोन टाकावे लागतात, म्हणजे न बघण्यात मर्दुमकी आहे आणि सवलतही. पोकरमध्ये ब्लाइंड ही मर्दुमकी नाही, वर्गणी आहे. पानं वाटायच्या आधी दोघांनी ती सक्तीने भरायची: बटनाच्या डावीकडच्या पहिल्याने छोटा ब्लाइंड, त्याच्या पुढच्याने मोठा, बहुधा दुप्पट. घरी १ आणि २ ठेवावं. पानं मात्र सगळेच बघतात. ‘मी ब्लाइंड आहे’ असं म्हणत पानं पालथी ठेवून छाती काढून बसणाऱ्याला इथे कोणी शूर म्हणत नाही, त्याच्या शेजारची खुर्ची पकडायला धडपडतात.

आणि बटन म्हणजे कुठला खटका नव्हे. ती एक गोल चकती असते. शर्टाचं मोठं बटन चालतं, कॅरमची राणी उत्तम. या हातात पानं वाटणारा कोण, हे ती दाखवते आणि प्रत्येक हातानंतर डावीकडे एक घर सरकते. तीन पत्तीत बूट, म्हणजे सुरुवातीची वर्गणी, सगळेच टाकतात, इथे वर्गणी दोघांनीच भरायची, पण बटन फिरत असल्यामुळे पाळी कोणाची चुकत नाही. फ्लॉपपासून, म्हणजे मधली पहिली तीन पानं उघडल्यापासून, पुढे बटनवाला सगळ्यात शेवटी बोलतो, म्हणून ती जागा सर्वांत फायद्याची. सगळ्यांचं ऐकून घेऊन शेवटी तोंड उघडणारा जिंकतो, हे सोसायटीच्या वार्षिक सभेत आपण पाहिलेलंच असतं.

इथे मी टेक्सस होल्डेमबद्दल बोलतो आहे. पोकरचे प्रकार पुष्कळ, पण ‘मी पोकर खेळतो’ म्हणणारे बहुतेक हेच खेळत असतात. प्रत्येकाला दोन पानं पालथी. एक फेरी बोलीची. मग वरचं एक पान ‘जाळायचं’, म्हणजे न बघता बाजूला टाकायचं, काडेपेटी लागत नाही. मग मध्ये सगळ्यांसाठी तीन पानं एकदम उताणी: हा फ्लॉप. मराठी माणसाला फ्लॉप म्हटलं की पडलेला सिनेमाच आठवतो, आणि बऱ्याच फ्लॉपांच्या बाबतीत ते बरोबरही ठरतं. पुन्हा बोली, पुन्हा एक पान जाळायचं, चौथं पान उताणं: टर्न. पुन्हा तेच, आणि पाचवं पान: रिव्हर. शेवटची बोली आणि शो. पान जाळण्याचं कारण साधं आहे. गड्डीतल्या वरच्या पानाच्या पाठीवर चहाचा डाग असेल किंवा कोपरा दुमडलेला असेल, तर बोली चालू असताना ते कोणीतरी ओळखतो. म्हणून तेच खेळातून काढून टाकायचं. आपल्याकडच्या गड्डीत असं डागाचं एकच पान असेल तर गड्डी नवी समजावी.

आपली दोन आणि मधली पाच अशा सात पानांतून सर्वांत भारी पाच निवडायची. पाचच. तीन जोड्या लागल्या म्हणून उड्या मारणारा माणूस दर बैठकीला एक तरी असतो. ‘तीन जोड्या’ असा हातच नाही, तिसरी जोडी शोभेची.

आता रंग. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीने आलेली पानं) कलरला (एकाच रंगाची पानं) मारतो, हे आपल्या रक्तात आहे. पोकरमध्ये नेमकं उलट: फ्लश, म्हणजे आपला कलर, स्ट्रेटला, म्हणजे आपल्या सिक्वेन्सला मारतो. (फ्लश या शब्दाने ज्याला हसू येतं त्याने ते एकदाच मोठ्याने हसून घ्यावं. नंतर ऐन मोक्याला येतं आणि हातात काय आहे ते सगळ्यांना कळतं.) ही कोणा गोऱ्याची लहर नव्हे, मोजणी आहे. ५२ पानांतून तीन पानं २२,१०० तऱ्हांनी येतात. त्यांत साधा सिक्वेन्स ७२० तऱ्हांनी आणि कलर १,०९६ तऱ्हांनी. जे दुर्मीळ ते भारी. पाच पानं घेतली की तऱ्हा होतात २५,९८,९६०, आणि त्यांत साधी स्ट्रेट १०,२००, पण फ्लश ५,१०८ च. तीन पानं एका रंगाची मिळणं एक वेळ सोपं, पाच मिळणं कठीण; म्हणून पारडं फिरतं. तीन पत्तीचा हिशोबही तसा सोवळा नाही बरं का. ट्रेल (तीन सारखी) ५२ तऱ्हांनी लागते, प्युअर सिक्वेन्स (एकाच रंगाचा) ४८ च, तरी ट्रेल वरचढ. तिथे वाडवडिलांनी ठरवलं, आपण खेळतो.

वरून खाली क्रम असा: रॉयल फ्लश (एकाच रंगाची दश्शी ते एक्का), स्ट्रेट फ्लश (एकाच रंगाची स्ट्रेट), चार सारखी, फुल हाउस, फ्लश, स्ट्रेट, तीन सारखी, दोन जोड्या, एक जोडी, आणि नुसतं मोठं पान. रॉयल फ्लश वाटलेल्या पाच पानांत ६,४९,७४० वेळा एकदा येतो, त्यामुळे तो पाठ करण्यात फार वेळ घालवू नये. फुल हाउस म्हणजे तीन अधिक दोन, उदाहरणार्थ तीन राजे आणि दोन सत्त्या. हाउजीच्या सवयीने ‘फुल हाउस!’ असं ओरडून उभं राहायची गरज नाही. एक्का-दुर्री-तिर्रीला तीन पत्तीत बऱ्याच घरांत मोठा मान असतो. इथे एक्का ते पंजी ही सर्वांत हलकी स्ट्रेट. आणि रंगात उच्चनीच नाही. इस्पिकचा एक्का म्हणून मिशीला पीळ देऊ नये, किलवरचा तेवढाच मोठा आहे.

जोडी सारखी पडली की निकाल किकर, म्हणजे जोडीबाहेरचं मोठं पान, लावतो. किकर लाथ मारणाराच, पण बहुधा आपल्याला. मध्ये एक्का, गुलाम, सत्ती, चौकी, दुर्री. तुमच्याकडे एक्का-नव्वी, समोर एक्का-राजा. दोघांची एक्क्यांची जोडी, पण त्याचा राजा किकर आणि तुमच्या बाजूने गुलाम, मग नव्वी. तुम्ही गेलात. आता मध्ये एक्का, राजा, राणी, गुलाम, अठ्ठी असेल तर तुमची नव्वी आणि समोरच्याची तिर्री यांना कोणी विचारत नाही. दोघांचीही पाच पानं एक्का-एक्का-राजा-राणी-गुलाम. पॉट, म्हणजे मध्ये जमलेली रक्कम, निम्मा निम्मा. ‘पण माझं दुसरं पान मोठं होतं’ ही तक्रार कायम फेटाळली जाते.

बोलीचे शब्द ऐकायला पाच-सहाच आहेत. फोल्ड म्हणजे आपलं पॅक, पानं टाकून देणं. कॉल म्हणजे समोरच्याने लावलं तेवढंच लावून टिकून राहणं, फोन नव्हे. चेक म्हणजे अजून कोणी काही लावलेलं नसेल तर ‘माझं काही नाही, पुढे चला’. चेक करायला बोलावंही लागत नाही, टेबलावर दोन टिचक्या मारल्या की झालं. इथे भजनी मंडळातली माणसं मार खातात. विचार करताना बोटांनी टेबलावर ठेका धरायची सवय असेल तर भजनी ठेक्याच्या पहिल्या दोन मात्रांतच तुमचा चेक होऊन जातो, आणि तो परत घेता येत नाही.

सगळ्यांत खर्चिक शब्द रेझ, म्हणजे लावलेली रक्कम वाढवणं, आणि त्यात निम्मा दोष आपल्या विभक्तीच्या प्रत्ययांचा. मोठा ब्लाइंड २ आहे आणि तुम्ही म्हणालात, ‘सहा रेझ’. सहाने, की सहापर्यंत? सहापर्यंत नेलं तर वाढ चारची झाली; पुढच्याला वाढवायचं असेल तर किमान तेवढंच आणखी, म्हणजे १० पर्यंत. सहाने वाढवलं तर एकूण ८, आणि पुढचा आकडा किमान १४. एका प्रत्ययापायी भांडण जुंपतं. म्हणून सरळ ‘टोटल सहा’ म्हणावं. दुसरी खोड सिनेमातून आलेली: ‘तुझे शंभर... आणि वर माझे दोनशे!’ मधल्या त्या नाट्यमय विरामाला पोकरमध्ये किंमत नाही. ‘तुझे शंभर’ म्हणताक्षणी कॉल झाला, पुढचं भाषण बाद. याला स्ट्रिंग बेट म्हणतात आणि ते मना आहे, कारण अर्धं वाक्य बोलून समोरच्याचा चेहरा वाचायचा आणि मग उरलेलं ठरवायचं, ही लबाडी त्यातून करता येते. न बोलता एकच मोठी चिप (पैशांऐवजीची चकती) टाकली तरी कॉलच धरतात आणि सुटे परत देतात. आधी बोलावं, मग टाकावं. तोंडातून गेलेला शब्द पक्का.

थ्री-बेट ऐकून नवखा तीन वेळा रेझ शोधत बसतो. प्रत्यक्षात ते फ्लॉपच्या आधीचं दुसरंच रेझ असतं. कारण मोठा ब्लाइंड हीच पहिली बेट, म्हणजे पहिली लावलेली रक्कम, धरतात. रेझ ही दुसरी, त्यावरचं रेझ तिसरी.

क्रिकेटवर पोसलेल्या माणसाला मात्र खरा धक्का ‘आउट’ या शब्दाचा. आउट म्हटलं की आपण मान खाली घालून तंबूकडे चालू लागतो. पोकरमध्ये आउट्स जितके जास्त तितकं बरं! अजून न आलेल्या पानांपैकी जी पानं आली तर तुम्ही जिंकाल, ती तुमची आउट्स. हातात दोन बदाम, फ्लॉपवर दोन बदाम: १३ पैकी ४ दिसले, राहिले ९. नऊ आउट्स. शक्यता टक्क्यांत काढायला दोन पानं यायची असतील तर आउट्सना चाराने गुणायचं, एकच यायचं असेल तर दोनाने. ९ गुणिले ४, ३६. खरा आकडा ३५ टक्के. टर्ननंतर ९ गुणिले २, १८, खरा जवळपास २०. पाढे येणाऱ्या पिढीला हे सोपं जावं.

हे करायचं कशासाठी? पॉटमध्ये ६० आहेत, समोरच्याने ३० लावले. तुम्ही ३० टाकून एकूण १२० साठी खेळताय, म्हणजे पाव भाग. शंभरात पंचवीस वेळा जिंकणार असाल तर बरोबरी. एकच पान यायचं असेल तर तुमचे जेमतेम २०. पुढे आणखी मोठी वसुली दिसत नसेल तर फोल्ड करावं. समोरचा ऑल-इन (समोरच्या सगळ्या चिप्स लावलेला) असेल आणि दोन्ही पानं यायची असतील तर ३५, कॉल. आणि हो, ‘मला आतून वाटतंय’ हे आउट नव्हे. ते मोजू नये.

बाकीचे शब्द ऐकत ऐकत कळतात. नट्स म्हणजे त्या क्षणी शक्य असलेला सर्वांत भारी हात. नटांशी संबंध नाही, ते काम बरेचजण हातात काही नसताना करतात. फिश म्हणजे हमखास हरणारा गडी. टेबलावर कोण ते तुम्हाला दिसत नसेल तर आरसा आणावा. टिल्ट हा शब्द पिनबॉलच्या यंत्रावरून आला. यंत्र फार हलवलं, तिरकं केलं, की ते बंद पडायचं. पोकरमध्ये यंत्राऐवजी माणूस बिघडतो. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीकडून हरली की पुढचे दहा हात डोकं फिरवून खेळतो. शेवटपर्यंत पानं पाहिली तर एक्के शंभरात सुमारे अठरा वेळा हरतातच, पण ते सतरा जण सोसतात, अठरावा मलाच का, असं प्रत्येकाला वाटतं.

ऑल-इनबद्दलचा गैरसमज सिनेमाचा. घड्याळ, गाडीची किल्ली, घराचे कागद यातलं काहीही टेबलावर येत नाही. हात सुरू होताना समोर जेवढ्या चिप्स तेवढ्याच लावता येतात. मध्येच खिशात हात घालायचा नाही. याला टेबल स्टेक्स म्हणतात. हा नियम हस्तिनापुरात पाळला असता तर धर्मराज तासाभरात समोरचं सगळं हरून जेवायला घरी गेला असता आणि पुढचं काही घडलं नसतं. कमी चिप्सवाला ऑल-इन गेला तर त्याच्यासाठी वेगळी मोजणी. त्याचे ५०, इतर दोघांचे दोनदोनशे: मुख्य पॉट १५०, बाजूचा ३००. पन्नासवाला कितीही भारी हात घेऊन आला तरी १५० च त्याचे. बाजूच्या ३०० कडे त्याने बघावं, हात लावू नये.

सरावाला पैसे लागत नाहीत. पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली, आणि गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर जाऊन शब्द शिकणं म्हणजे पोहायला शिकण्यासाठी आधी समुद्रात उडी. घरी चिंचोके घ्या. माणशी २००, म्हणजे १ आणि २ च्या खेळात शंभर मोठे ब्लाइंड. सहा जणांना १,२००; वाण्याकडे चिंच घ्यायची तर तेवढ्यासाठी वर्षभर आमटी आंबट होईल, तेव्हा शेंगदाणे घेतले तरी चालतील, पण चौथ्या हातापर्यंत निम्मी बँक पोटात जाते. पॉट आणि पोट यांत फरक राहत नाही.

इतकं करूनही शोच्या वेळी नवखा गडबडतो. रिव्हरला शेवटची बेट वा रेझ ज्याची, त्याने आधी दाखवायचं. पानं हातात, सगळे बघताहेत, आणि आपल्याकडे नक्की काय आहे तेच आठवत नाही. घाबरू नये. ‘पानं बोलतात’ असा नियम आहे. दोन्ही पानं टेबलावर उताणी ठेवायची आणि गप्प बसायचं. नाव चुकीचं घेतलंत, दोन जोड्या म्हणालात आणि निघाली स्ट्रेट, तरी पॉट तुमचाच. फक्त तीन पत्तीच्या सवयीने ‘जाऊ दे, हरलो’ म्हणत ती गड्डीत भिरकावू नका. त्या ढिगाला मक म्हणतात, आणि मकमध्ये मिसळलेली स्ट्रेट कोणी शोधून देत नाही.