उसनवारी, चोरी आणि इतर तांत्रिक शब्द

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचं पोट पायथॉनचंच असेल अशा भाबड्या समजुतीने मी सोर्स कोड उघडला. आत बघतो तर पायथॉनचे प्रोग्राम चालवणारा सगळा इंटरप्रिटर सी भाषेत! आठवडाभर डोकं आपटून मी टीममधल्या एका मुरलेल्या गड्याकडे कुरकुर केली, की इथल्या निम्म्या शब्दांचा अर्थच लागत नाही. तो म्हणाला, "मग नव्या लोकांसाठी शब्दसूची तूच कर. काय काय कळत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?" माझ्या अज्ञानाचा एवढा मान आजवर कुणी राखला नव्हता.

सुरुवात सोप्या शब्दाने करू म्हणून 'फ्री' घेतला. मेमरी फ्री करणं म्हणजे ती परत देऊन टाकणं. लिहिलं. 'फ्री लिस्ट' म्हणजे काम संपलेल्या, पण पुन्हा लागतील म्हणून परत न दिलेल्या ऑब्जेक्टांची (म्हणजे मेमरीत ठेवलेल्या पायथॉनच्या वस्तूंची) यादी. थोडक्यात, फ्री न केलेल्यांची. 'फ्री व्हेरिएबल' म्हणजे वापरायचं आतल्या फंक्शनने आणि बांधलेलं बाहेरच्या फंक्शनमध्ये. शिवाय ३.१३ पासून 'फ्री-थ्रेडेड' बिल्ड आलं, त्यात एका वेळी एकाच थ्रेडला पायथॉन चालवू देणारं गिल नावाचं मोठं कुलूपच नाही. एका फ्रीपायी माझी अख्खी रविवारची दुपार गेली.

मग रेफरन्स काउंट. प्रत्येक ऑब्जेक्टजवळ एक आकडा असतो, आपल्याला किती जणांनी धरून ठेवलंय त्याचा. तो शून्यावर आला की ऑब्जेक्टचा कारभार आटोपला. (नन, म्हणजे 'काहीच नाही', ट्रू आणि फॉल्स मात्र ३.१२ पासून 'इमॉर्टल' आहेत. 'काहीच नाही' हे अमर आहे, हे लिहिताना मला उगाच गंभीर वाटलं.) इथवर ठीक होतं. पुढे उसनवारी सुरू झाली. 'बॉरोड रेफरन्स' म्हणजे वस्तू वापरा, पण ती तुमची नाही. आणि त्यापुढे 'स्टील'! अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये राजरोस लिहिलंय, की अमुक फंक्शन रेफरन्स चोरतं, म्हणजे तुमचा रेफरन्स स्वतःकडे घेतं आणि तो सोडायचं काम तुमच्याकडे उरत नाही. पायलिस्ट-सेटआयटेम चोरतं, पायलिस्ट-अपेंड चोरत नाही. एकाच लिस्टचे हे सख्खे भाऊ, एक चोर आणि एक साव. मी सावालाच चोर समजलो. रेफरन्स त्याने नेला असणार म्हणून माझ्याकडचा सोडलाच नाही, आणि संध्याकाळपर्यंत प्रोग्राम मेमरी खाऊन टम्म फुगला. शब्दसूचीतली ती नोंद सर्वांत मोठी आहे आणि तिचा सूर जरा वैयक्तिक लागलाय.

शेवटी 'ऑब्जेक्ट' आणि त्याचा प्रकार सांगणारा 'टाइप' या नोंदी घालून सूची पुरी केली आणि पाठवली. दुसऱ्याच दिवशी एका नव्या मुलीचा मेसेज आला : "सर, 'ऑब्जेक्ट'पाशी लिहिलंय 'टाइप पाहा'. 'टाइप'पाशी लिहिलंय, 'हाही एक ऑब्जेक्टच, ऑब्जेक्ट पाहा'. आणि टाइपचा टाइप कोणता, तर टाइप. कॉपी-पेस्ट चुकलंय का?"

मी सी फाइल उघडून पुन्हा एकदा तपासलं आणि उत्तर दिलं, "नाही. तेवढं एकच बरोबर आहे."