एक्सलला घरी स्किड ब्रॅकेट लावा, पण या सल्ल्यानं नको

पावसाळा तोंडावर आला की ऑफ-रोडवाल्यांमध्ये स्किड प्लेटबद्दल, म्हणजे एक्सलला (दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याला) दगडांपासून वाचवणाऱ्या पट्टीबद्दल, एक सल्ला हमखास फिरायला लागतो: "विकतच्या स्किड प्लेटवर पैसे कशाला घालवता? ६ एमएमची पट्टी आणा, साधा ६०१३ वेल्डिंग रॉड घ्या, घरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन लावा आणि पुढच्या-मागच्या एक्सलला भरून वेल्ड मारा. बॅटरीची तार काढली की झालं. जन्मात तुटणार नाही." हे काम घरी करता येतं, एवढं मला मान्य आहे. बाकीचं ऐकलंत तर ब्रॅकेट शाबूत राहील आणि एक्सल वाकडा होईल.

"भरून वेल्ड मारा." खरा घोटाळा इथेच आहे. वितळलेला धातू गार होताना आकसतो आणि एक्सलच्या नळीला सोबत ओढतो. स्किड बसते एक्सलच्या पोटाला, म्हणजे सगळी आकसण खालच्या अंगाला. नळीची टोकं खाली ओढली जातात आणि चाकांची डोकी बाहेर झुकतात. नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही. पुढे कधीतरी टायर एका कडेनं झिजलेला दिसतो, ऑइल सील पाझरतं, बेअरिंग गुणगुणायला लागतं. मग मेकॅनिक सीलवर सील बदलत बसतो, कारण एक्सलच वाकला असेल असं कुणाच्या मनातच येत नाही. चाकण-भोसरीच्या कुठल्याही फॅब्रिकेटरला विचारा, नळीभोवती पूर्ण गोल फेरा तो मारणार नाही. नळीच्या लांबीच्या दिशेनं इंचभर वेल्ड, मग दुसऱ्या टोकाला इंचभर, आणि मध्ये हात ठेवता येईल इतकं गार होऊ द्यायचं. पाणी ओतून तर अजिबात नाही. सुरुवातीलाच चाकं काढून ब्रेक ड्रमच्या तोंडावर अँगल गेज लावा, दोन्ही बाजूंचे आकडे लिहून ठेवा आणि शेवटी पुन्हा मोजा.

"कुठेही लावा, रॉड कुठलाही चालतो." जुन्या महिंद्रा जीपच्या मागच्या एक्सलचा मधला गोळा (डिफरेन्शियलचं घर) ओतीव लोखंडाचा असतो; स्टीलच्या नळ्या त्यात दाबून बसवलेल्या असतात. ओतीव लोखंडावर ६०१३ मारला तर वेल्ड चिकटलेला दिसतो, पण गार होताना शेजारीच तडा जातो. तिथे निकेलचा रॉड, आधी तापवणं आणि सावकाश गार करणं, असा वेगळाच कारभार लागतो. म्हणून गोळ्याला हात लावू नका. जिप्सीचं हाऊसिंग, म्हणजे एक्सलचं कवच, पत्र्याचं आहे, पण मागचं झाकण पातळ. तिथे भोक पडलं की तेल ठिबकणार. आणि आताच्या थारला पुढे सबंध एक्सलच नाही, इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्र. मग तिथे पट्टी जोडायची तरी कशाला? नळीवर ६०१३ अगदीच वाया जातो असं नाही, पण आदळआपट सोसायला ७०१८ (कमी हायड्रोजनचा रॉड) बरा, तोही कोरडा ठेवलेला.

"घरचं मशीन पुरतं." ६ एमएमच्या पट्टीला ३.१५ एमएमचा रॉड साधारण १२० अँपिअरवर चालवावा लागतो. त्यासाठी साधं सिंगल फेज इन्व्हर्टर मशीन भिंतीतून २० अँपिअरच्या आसपास ओढतं. घरातला सॉकेट असतो १५-१६ अँपिअरचा. एकतर एमसीबी पडतो, नाहीतर आपण करंट कमी करतो आणि लांब एक्स्टेन्शन उरलेला जीव खातं. परिणामी वेल्ड आत मुरत नाही, वरच बसतो. खपली काढल्यावर दिसायला सुरेख, आणि पहिल्याच दगडाला पट्टी हातात.

"बॅटरीची तार काढली की झालं." ती काढाच. पण वेल्डिंग मशीनचा अर्थचा क्लॅम्प चॅसीला लावला, तर करंट वाट काढत बेअरिंगमधून जाऊ शकतो आणि त्यातल्या छर्ऱ्यांवर-रोलरवर बारीक खड्डे पडतात. क्लॅम्प त्याच नळीला, वेल्डच्या जवळ, घासून चकचकीत केलेल्या जागी लावा. ब्रेकचा पाइप, रबरी होज आणि एबीएसची वायर बाजूला घ्या, तेल काढून टाका, ब्रीदर (हवा जाण्याचं भोक) मोकळा ठेवा. आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल हा सल्ला देणारे चकार शब्द काढत नाहीत: क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरनं जागा पुसून लगेच आर्क मारला तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. ग्राइंडर आणि तारेचा ब्रश वापरा.

"पट्टी जितकी जाड तितकी चांगली." एक चौरस फूट, ६ एमएम म्हणजे साडेचार किलोच्या आसपास, आणि तेही स्प्रिंगच्या खाली लटकणारं. जाडीपेक्षा पुढची कड महत्त्वाची. ती तिरकी वर वळवली नसेल तर प्लेट दगडावरून घसरत नाही, त्यात अडकते. जिम्नीत एक्सलखाली लोंबणारे सस्पेन्शन आर्मचे ब्रॅकेट असेच अडकतात. त्यांच्यापुढे उतरती पट्टी दिली तरी बरंच काम होतं. ड्रेन प्लगसमोर भोक ठेवा. चिखल निघायलाही वाट हवी, नाहीतर कोकणातली लाल माती आत दगडासारखी बसते.

आरटीओचं म्हणाल, तर गाडीतले फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतात. वॉरंटीतली गाडी असेल तर एक्सलला आर्क लावण्याआधी तिचेही कागद वाचा.

मी स्वतः प्लेट आणि तिचे कान (ब्रॅकेट) टेबलावर वेल्ड करीन आणि एक्सलला यू-बोल्टनं आवळीन. वाकली तर काढून ठोकता येते, एक्सलला उष्णता लागतच नाही. फक्त बोल्ट आवळताना ब्रेकचा पाइप खाली चिमटला नाही ना, ते टॉर्च मारून पाहा, आणि पहिल्या ट्रेलनंतर नट पुन्हा आवळा.