फोडी कुठं गेल्या?

किराणावाल्याच्या वहीत माझ्या नावाचं पान संपलं आणि उधारी पुढच्या पानावर सरकली, त्याच संध्याकाळी मी घरात शाकाहार जाहीर केला.

तत्त्वबित्त्व काही नाही. मटण आमच्याकडं सातशेच्या पुढं गेलंय आणि घरात खाणारी तोंडं पाच. अर्धा किलो आणलं की ताटात दोन-दोन फोडी, आणि एका नळीवरून पोरापोरीची दर रविवारी हातघाई.

"प्रोटीनचं काय, पप्पा?" पोरगा म्हणाला. तो जिमला जातो.

मी तयारीत होतो. शंभर ग्रॅम तुरीच्या डाळीत २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. मटणातही जवळपास तेवढीच. "आणि डाळीत हाडं नसतात."

"कच्च्या डाळीत. वरणात निम्म्याहून जास्त पाणी असतं."

हा पोरगा शाळेत इतका हुशार नव्हता. मी विषय भाकरीवर नेला. ज्वारीत लायसीन नावाचा प्रथिनांचा घटक कमी, डाळीत भरपूर. एकीचं उणं दुसरी भरून काढते. "आपल्या दोघांसारखं," असं मी बायकोकडं बघून कौतुकानं म्हणालो.

"उणं कुणात आहे ते नका सांगू," ती म्हणाली.

पहिल्या आठवड्याचा बाजार मी केला आणि तिथंच घात झाला. मटण सोडलंय, तर जिवाला काहीतरी मोबदला पाहिजे की! म्हणून पनीर घेतलं. पनीर आलं म्हणून ग्रेव्हीला काजू आले. मग मशरूम. शनिवारी हिशेब मांडला तर मटणापेक्षा दोनशे ऐंशी रुपये जास्त गेले होते.

आईनं पिशवी हिसकावून घेतली. "तुला तांदुळजा आन् चिघळ वेगळी वळखू येती का?"

येत नव्हती. पावसाळा होता, दोन्ही भाज्या बांधाला आपोआप उगवतात आणि बाजारात दहा-पंधरा रुपयांना जुडी मिळते. मग रोज काहीतरी निघायला लागलं. ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली अंबाडी, वरून लसणाचं कडकडीत तेल. हुलग्याची शेंगुळी. दिवसभर भिजवलेली मटकी रात्री फडक्यात बांधली की सकाळी मोड आलेले. उधारी सोडली तर आमच्या घरात रातोरात वाढणारी तेवढी एकच गोष्ट.

पोरगा मात्र मोबाईल धरून बसलेला. "व्हिटॅमिन बी-१२ वनस्पतीत नसतंच."

आईनं दह्याची वाटी पुढं सरकवली. "ह्यात असतंय का बघ."

असतंय.

मी आमच्या कृषी विद्यापीठाच्या 'परभणी शक्ती'चंही ऐकवलं. २०१८ ला आलेली ही ज्वारी, लोह आणि जस्त जास्त असलेली. "नाव तरी जिमसारखं आहे," पोरगा म्हणाला आणि तिसरी भाकरी घेतली. ती साधी, गिरणीतल्या पिठाचीच होती, पण मी गप्प बसलो. जेवल्या जेवल्या चहा घेतला की पालेभाजीतलं लोह नीट अंगी लागत नाही, हेही एकदा बोलून बसलो. त्यावर जी शांतता पसरली, तिला भिऊन मीच आधण ठेवायला उठलो.

असे चार आठवडे निघाले. आणि पाचव्या रविवारी मेव्हणा आला.

इथं सगळी गणितं फसतात. पाहुण्याला, त्यातून बायकोच्या भावाला, वरणभात वाढला तर पुढची दहा वर्षं लग्नाकार्यात तोच विषय निघतो. मी चपला घालून पिशवी शोधायला लागलो. आईनं नुसतं "बस खाली" म्हटलं आणि येसराचा डबा काढला. धान्य, डाळ आणि मसाला भाजून दळलेलं ते तांबूस पीठ आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत आमटीला लावतात. कांदा-खोबरं काळं होईस्तोवर भाजलं, वाटलं, वर तेलाचा लालभडक तवंग. वास गल्लीच्या टोकाला गेला असावा, कारण शेजारची पोरं उगाचच वाटी घेऊन साखर मागून गेली.

मेव्हण्यानं पहिल्या वाटीत दीड भाकरी कुस्करली. दुसऱ्या वाटीला बाह्या सारल्या. तिसरी वाटी घेताना मात्र तो पळीनं पातेलं ढवळत राहिला.

"दाजी, रस्सा झ्याक झालाय. पण फोडी कुठं गेल्या?"

मी पोराकडं पाहिलं, पोरगं छताकडं. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "तळाला असतील रे बाबा. आणखी एक वाटी घे, मग लागतील."