सातकर्णी आणि आमचा सोसायटीचा ग्रुप

नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी जोरात आहे. एका ग्रुपवर तो वर्णव्यवस्थेचा रक्षक, दुसऱ्यावर बौद्धांचा आश्रयदाता. पुरावा दोघांचा एकच, पांडवलेण्यांतल्या 3 नंबरच्या लेण्यातला शिलालेख. खोटं कुणीच बोलत नाही, जो तो सोयीची ओळ उचलतो.

मुळात तो लेख राजाचा नाहीच. त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, नातू पुळुमावीच्या 19व्या राज्यवर्षी कोरवून घेतलेला. त्यात मुलगा शक-यवन-पल्हवांचा संहारक, क्षहरातांचा, म्हणजे शकांच्या एका राजघराण्याचा, वंश बुडवणारा, वर्णसंकर थांबवणारा. आणि एवढं सगळं लिहून लेणं दिलं कुणाला, तर बौद्ध भिक्खूंना! आईने केलेलं लेकाचं कौतुक आहे हो ते, पंचनामा नव्हे.

त्याच डोंगरात 10 नंबरचं लेणं आहे उषवदाताचं. हा क्षहरात राजा नहपानाचा जावई, म्हणजे फॉरवर्डमधला 'परका' शक. तो सांगतो, तीन लाख गायी दान केल्या, वर्षाला लाख ब्राह्मण जेवू घालतो. फुशारकी त्यालाही चुकली नाही. पण पुढचा हिशेब बघा. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, 2000 कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेव, व्याज दरमहा शेकडा 1. वर्षाचे झाले 240, त्यातून 20 भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, प्रत्येकी 12. मला या ओळी जास्त खऱ्या वाटतात, कारण त्यांत शत्रू कुणीच नाही.

1906 साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला चांदीची 13 हजारांवर नाणी सापडली. त्यातल्या 9 हजारांवर नाण्यांवर नहपानाच्या छापावरच गौतमीपुत्राचा छाप. चांदी तीच. आपल्याला वरचा छाप तेवढा दाखवला जातो.

हे सगळं जुनंपुराणं म्हणून सोडून दिलं असतं. पण 'मूळचे' आणि 'बाहेरचे' ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली की ती कधीतरी रस्त्यावर येतेच. फेब्रुवारी 2008 मध्ये परप्रांतीयांविरुद्धच्या आंदोलनाच्या धास्तीने अंबड-सातपूरच्या कारखान्यांतले उत्तर भारतीय कामगार बोचकी बांधून नाशिकरोड स्टेशनवर जमले होते. यंत्रं बंद पडल्यावर कारखानदारांना ते 'आपले' वाटायला लागले, ही वेगळी गंमत.

परवा सोसायटीच्या ग्रुपवर दोन्ही लेखांचा मजकूर एकाखाली एक टाकला. बराच वेळ शांतता. मग एका काकांनी विचारलं, "ते सगळं ठीक आहे, पण यातला आपला कोणता?"