‘पहाटेचे पाच नियम’ : फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

इंदूरच्या मराठी घरांतल्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. पहाटे चारला उठा, रात्रभर तांब्याच्या तांब्यात ठेवलेलं लिंबूपाणी प्या, कोवळ्या उन्हात बसून ड जीवनसत्त्व मिळवा, पोह्यांऐवजी फळांचा रस घ्या, मन विचारशून्य करा; 21 दिवसांत शरीर, मन आणि आत्मा तृप्त. यातली निम्मी वाक्यं ऐकायला बरोबर वाटतात, म्हणूनच उरलेली निम्मी खपून जातात.

सगळ्यांत आधी लिंबूपाणी, कारण यातलं खरोखर धोक्याचं तेच. तांब्यात साधं पाणी रात्रभर ठेवायला हरकत नाही. त्यानं पाण्यातले बरेच जिवाणू मरतात. पण लिंबाच्या रसाचा पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी, तितका रस आंबट) 2 ते 3 असतो आणि आंबट पदार्थात तांबं विरघळतं. म्हणून तर आपल्याकडे आमटी-कढीच्या पितळी पातेल्याला कल्हई असायची. ती उडाली की ताक कळकायचं, हे घरातल्या आजीला विचारा. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 2 मिलिग्रॅमपर्यंत तांबं चालतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रात्रभर मुरलेलं लिंबूपाणी ही मर्यादा सहज ओलांडू शकतं. मग मळमळ, उलटी, पोटात कळ. आणि फॉरवर्ड काय म्हणतो, तर ‘मळमळलं तर घाबरू नका, विषं बाहेर पडताहेत’! उलट आहे, विष आत चाललंय. लिंबू हवं तर काचेच्या किंवा स्टीलच्या पेल्यात, ऐनवेळी पिळा. तांब्या चिंचेनं किंवा लिंबू-मिठानं घासा, पण नंतर खळखळून धुवा. आत हिरवट थर दिसला तर घासून निघेपर्यंत त्यातलं पाणी पिऊ नका. विल्सनचा आजार (यात शरीरात तांबं साठत जातं) असलेल्यांनी या भांड्याच्या वाटेलाच जाऊ नये.

आता ऊन. ड जीवनसत्त्वासाठी उन्हातले यूव्हीबी, म्हणजे एका प्रकारचे अतिनील किरण लागतात. सूर्य खाली असताना ते वातावरणातच शोषले जातात, त्यामुळे सात वाजताच्या कोवळ्या उन्हातून जवळजवळ काहीच मिळत नाही. (शरीराचं घड्याळ लावायला मात्र ते ऊन उत्तम, म्हणून सोडू नका.) सोपी खूण सावलीची: ती तुमच्या उंचीपेक्षा आखूड हवी. इंदूर कर्कवृत्ताच्या जरासं दक्षिणेला, म्हणून मे महिन्यात सकाळी सव्वानऊच्या सुमारालाच सावली उंचीइतकी होते; दहाच्या आत गच्चीवरून खाली या. डिसेंबरअखेरीस मात्र भर दुपारीही सावली उंचीपेक्षा किंचित लांबच राहते, म्हणून तेव्हा साडेबाराच्या आसपासचं ऊन गाठायचं. हात-पाय उघडे हवेत. सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ लागतो. बंद काचेच्या खिडकीआड बसलात तर यूव्हीबी काचेतच अडतात, अंग नुसतं तापतं.

पोह्यांवर राग का, ते कळत नाही. 50 ग्रॅम कोरड्या पोह्यांत प्रथिनं तीन-चार ग्रॅमच, हे खरं. मग त्यात 25 ग्रॅम दाणे घाला, सहा-एक ग्रॅम वाढतात. मूठभर वाफवलेली मटकी घातली तर आणखी बरं. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा, लोह शोषायला मदत होते. लगेच वर चहा घेतलात तर तो ते शोषण रोखतो, तासभर थांबा. मीठ सांभाळायचं ते वरून घातलेल्या शेवेत आणि जीरावनात (इंदुरी पोह्यांवर भुरभुरतात तो मसाला). रसाचं म्हणाल, तर एका ग्लास मोसंबीच्या रसात साधारण 15 ते 20 ग्रॅम साखर असते आणि गाळताना चोथा जातो. मोसंबी सोलून खा. पोह्यांसोबतची जिलबी रविवारपुरती ठेवलीत तर आमची तक्रार नाही.

चारला उठण्याबद्दल फार बोलायला नको. सराफ्यातून, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातून, साडेबाराला परतून चारला उठलात तर झोप साडेतीन तास. प्रौढाला निदान सात लागतात. आधी रात्र आवरा.

‘विचारशून्य मन’ हे तर अपयशाचंच आमंत्रण. विचार येणारच, तो आला हे ध्यानात येताच पुन्हा श्वासाकडे वळायचं, एवढाच सराव. श्वास 1 ते 10 मोजा, चुकलात की परत 1. बसवत नसेल तर इंदूर घराण्याच्या उस्ताद अमीर खाँचा अतिविलंबित ख्याल लावा आणि झुमरा तालाच्या 14 मात्रांत सम, म्हणजे पहिली मात्रा, कुठे येते तेवढंच धरा. मोबाइल मात्र दुसऱ्या खोलीत.

राहिले 21 दिवस. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या 1960च्या लिखाणातला. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा आपलासा वाटायला रुग्णांना निदान इतके दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, कुणाला 18, तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. नवी सवय घड्याळाला नाही, रोजच्या कामाला जोडा: दूध तापत ठेवलं की श्वास मोजायला सुरुवात, दूध वर आलं की संपलं.