पगार वाढला म्हणून चाळ सोडली?

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: "पगार वाढला तशी मराठी माणसाला चाळ टोचू लागली. लालबाग-परळची लाखमोलाची खोली विकून तो मोठ्या घराच्या हौसेने डोंबिवली-बदलापूरला गेला. आता रडतो कशाला?" आमच्या फॅमिली ग्रुपवरही आला, आणि पाठवणारा भाऊ स्वतः डोंबिवलीचा!

"पगार वाढला." कुणाचा? १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. कुणी गावाकडे परतलं. पण कित्येकांनी खोली सोडली नाही, कारण भाडं १९४७ च्या कायद्याने गोठलेलं. मिळकत गेली तरी बिऱ्हाड तिथेच राहिलं. मेसेजचं गणित इथेच उलटतं.

"लाखमोलाची खोली विकली." पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे देऊन भाड्याने घेतलेली खोली आपल्या मालकीची नसते, विकला जातो तो भाडेहक्क. त्यात घरमालकाचा वाटा, बहुधा तिसरा हिस्सा. समजा ४५ लाख आले. १५ मालकाचे, उरलेल्या ३० लाखांत तीन भाऊ. दहा लाखांत लालबागमध्ये काय मिळतं, ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

"मोठ्या घराची हौस." बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. धाकट्याचं लग्न ठरलं की थोरला घर शोधतो. इन्क्रिमेंटची वाट कोण बघतो? मग बँक. ३० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं: हप्ता सुमारे २६ हजार. बँक नुसती कमाई बघत नाही, ती दरमहा येणार याचा पुरावा मागते. पक्क्या नोकरीचा क्लार्क आणि तेवढंच कमावणारा टेम्पोवाला यांना सारखं कर्ज मिळत नाही. म्हणून बायकोचीही सॅलरी स्लिप जोडली जाते, आणि दोघांना रोज कामाला जायचं, तर घर स्टेशनपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर लागतं.

पुढे त्या दोनातला एक पगार थांबला तर? घर लगेच विकत नाहीत. मुद्रांक शुल्क, दलाली, मुलांची शाळा, सगळं पुन्हा कोण करणार? आधी सोनं गहाण पडतं, मग क्लास बंद होतो.

हौसेने गेलेलेही आहेत, नाही कशाला म्हणू? लिफ्ट, गॅलरी आणि घरात संडास हवासा वाटणं हा गुन्हा नव्हे. चाळीत सकाळी बादली घेऊन रांगेत उभं राहिलेल्याला विचारा.